रिकाम्या मडक्याचा स्तूप

माणूस कशाभोवती फिरतो यावरून त्याची परीक्षा करावी, असं कुणा थोर पुरुषानं म्हणून ठेवलेलं नसेल तर मी म्हणून ठेवतो. मी स्वतः आजवर मुख्यतः मॅनेजर नावाच्या दैवताभोवती फिरलो आहे. बदली रद्द व्हावी म्हणून दोनदा आणि रजा मंजूर व्हावी म्हणून अगणित वेळा. त्याआधी बी.कॉम.चा कागद हातात घेऊन नोकरीभोवती फिरलो आणि लग्नात सौभाग्यवतीच्या पुढे-मागे होमाभोवती फिरलो. त्या फेऱ्यांचा हिशेब अजून पुरा व्हायचा आहे, पण तो विषय वेगळा. सांगायचा मुद्दा एवढाच, की या सगळ्या फिरण्यात मध्यभागी काही तरी होतं. होम होता. मॅनेजर होता. तो असून नसल्यासारखा असला, तरी खुर्चीत बसलेला दिसत होता.

थिंफूला मात्र मी एका अशा वास्तूभोवती फिरून आलो, की जिच्या नावानं फिरायचं तो माणूसच तिच्यात नाही!

आता तुम्ही विचाराल, मलकापूरचा माणूस भूतानला कशाला जातो? त्यांनी एक मे महिना मलकापुरात काढून बघावा, म्हणजे हा प्रश्न पुन्हा पडायचा नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात नळगंगेपेक्षा माणसाच्या अंगाला जास्त पाणी असतं. शिवाय आमचं गाव मुंबई-नागपूर-हावडा या मुख्य लोहमार्गावर असल्यामुळे लहानपणापासून ‘हावडा’ ही पाटी वाचत आलो होतो. म्हटलं, एकदा त्या पाटीच्याही पलीकडे जाऊन यावं. भूतानचा आणखी एक मोठा गुण म्हणजे तिथलं एक न्गुलट्रम आपल्या एका रुपयाबरोबर असतं. गुणाकार नाही, भागाकार नाही. परदेशात जाऊन हिशेब न करायला मिळणं हे बँकेच्या कारकुनाला मोक्षासारखंच आहे. फक्त मुक्कामाच्या दर रात्रीला दर डोई बाराशे रुपये सरकारी शुल्क भरावं लागतं, तेव्हा मोक्ष जरा महाग वाटतो. मलकापुरात स्टेशनसमोर रात्रभर बसलं तरी कुणी पैसे मागत नाही. फार तर हवालदार नाव-गाव विचारतो.

तर थिंफू शहरात एक मोठा पांढराशुभ्र छोर्तेन आहे. छोर्तेन म्हणजे आपला स्तूप. वर सोनेरी कळस, आवारात मोठमोठी प्रार्थनाचक्रं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याला प्रदक्षिणा घालणारी म्हातारीकोतारी माणसं. हातात जपमाळ, ओठांत मंत्र, गुडघ्यांत संधिवात. भूतानचे तिसरे राजे जिग्मे दोरजी वांगचुक १९७२ साली वारले. त्यांच्या मातोश्रींनी, फुन्त्शो चोदेन यांनी, मुलाच्या स्मरणार्थ १९७४ साली हा छोर्तेन बांधवला. आईनं मुलाचं स्मारक बांधायचं, हा जगाच्या रूढ हिशेबातला उलटा जमाखर्च. ते ऐकल्यावर मी थोडा गप्प झालो. पण मूळचा कारकून फार वेळ गप्प बसत नाही. मी वाटाड्याला विचारलं, “राजेसाहेबांच्या अस्थी नेमक्या कुठल्या बाजूला?”

“अस्थी इथं नाहीतच,” तो म्हणाला. “आत त्यांचा फोटो आहे.”

माझी पावलं थबकली. खातं आहे, खातेदाराचं नाव आहे, दिवसभर लोक रांगेनं भरणा करताहेत, आणि शिल्लक शून्य! अशी खाती आमच्याकडे २०१४ सालापासून जनधन योजनेत निघाली, पण त्यांच्याभोवती कुणी प्रदक्षिणा घातल्याचं मी पाहिलेलं नाही. मी ही शंका सौभाग्यवतीला बोलून दाखवली. ती न थांबता म्हणाली, “दत्ताच्या पादुकांत दत्ताचे पाय असतात का? चला, मागं लोक खोळंबलेत.”

बायकांचं तत्त्वज्ञान हे असं चालता चालता असतं. आम्हां पुरुषांना त्यासाठी थांबावं लागतं आणि मग मागचे लोक खोळंबतात.

पण पादुकांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. भरतानं चौदा वर्षं राज्य चालवलं ते रिकाम्या पादुकांच्या जोरावर. आषाढीला आळंदीहून पालखी निघते, तिच्यातही पादुकाच असतात. उलट आमच्या शेगावला गजानन महाराजांची समाधी आहे. महाराज खाली आहेत अशी खात्री असते, म्हणून आमच्यासारखा संशयी माणूसही तिथं निर्धास्तपणे डोकं टेकतो. ही म्हणजे तारण घेऊन दिलेली भक्ती. थिंफूतली भक्ती विनातारण होती. आणि विनातारण म्हटलं की बँकेतला माणूस अस्वस्थ होतो. स्मारकाच्या आत नक्की काय असावं लागतं? आणि काहीच नसलं, तर आपण ज्याभोवती फिरतो ते काय असतं? थिंफूहून मी घरच्यांसाठी लोकरीची टोपी आणली (जी मलकापुरात घालता येत नाही) आणि स्वतःसाठी हा प्रश्न आणला.

अशा प्रश्नाचं उत्तर बौद्ध ग्रंथांत असणार म्हणून महापरिनिब्बाण सुत्ताचं मराठी भाषांतर मिळवून वाचलं. वाचता वाचता मला त्यात चक्क आमच्या धंद्यातला माणूस भेटला! झालं असं, की बुद्धांचं कुशिनाऱ्याला परिनिर्वाण झालं आणि त्यांच्या अस्थींवर आठ दावेदार उभे राहिले. मगधाचा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य, असे एकाहून एक वजनदार. कुशिनाऱ्याचे मल्ल देईनात. ज्यानं जन्मभर शांती सांगितली त्याच्याच अस्थींपायी लढाई जुंपायची वेळ आली. तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणानं मध्यस्थी केली आणि अस्थींचे सारखे आठ वाटे करून दिले. आठ वारसदार, आठ वाटे, आणि एकाचीही तक्रार नाही! आमच्या शाखेत तीन भावांत आठ हजारांचा वारसदावा निकाली काढताना काय होतं ते मी पाहिलेलं आहे. त्यामुळे द्रोणाबद्दल मला नितांत आदर वाटतो.

आणि एवढं करून द्रोणानं स्वतःसाठी काय मागून घेतलं? ज्या भांड्यानं अस्थी मोजल्या ते रिकामं मडकं! त्या मडक्यावर त्यानं स्तूप बांधला. मागाहून पिप्फलीवनाचे मौर्य आले. वाटे संपले होते, म्हणून ते चितेतले निखारे घेऊन गेले आणि त्यांनी निखाऱ्यांवर स्तूप बांधला. म्हणजे पहिल्या दहा स्तूपांपैकी आठांत अस्थी, एकात कोळसे आणि एकात नुसतं मोजायचं भांडं. पुढे सम्राट अशोकानं आठांपैकी सात स्तूप उघडून चौऱ्याऐंशी हजार स्तूप उभारले, अशी परंपरा सांगते. एवढ्या शाखा काढायच्या म्हटल्यावर प्रत्येक शाखेच्या वाट्याला भांडवल किती आलं असेल, ते विचारू नये. पण म्हणून भक्तांनी स्तूपाच्या दारात ताळेबंद मागितल्याचं ऐकिवात नाही.

रिकामेपण सोसणं मात्र माणसाला फार काळ जमत नाही, हेही खरं. त्याचा पुरावा आमच्या उंबरठ्यावर आहे. मलकापूरहून राजूर घाट चढून बुलढाणा, आणि बुलढाण्याहून पुढे अजिंठा. तिथल्या नऊ आणि दहा नंबरच्या लेण्यांतले स्तूप इसवी सनापूर्वीचे आहेत. अगदी साधे, घोटीव दगडाचे, त्यांवर मूर्ती नाही. पुढे पाचव्या शतकात एकोणीस आणि सव्वीस नंबरची लेणी झाली, तेव्हा स्तूपाच्या दर्शनी भागावर बुद्धमूर्ती कोरली गेली. नुसत्या गोल दगडापुढे उभं राहून कितीतरी पिढ्यांनी आठवण काढली, आणि मग कुणाला तरी वाटलं असेल, की मालकांचा फोटो लावलेला बरा. थिंफूतल्या फोटोचं मूळ मला तिथं दिसलं.

त्याच दहाव्या लेण्यात स्मरणाचा आणखी एक प्रकार आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला आला असता त्याला ही लेणी दिसली. त्यानं काय करावं? खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली! लेण्यात तेव्हा राडारोडा साचलेला होता आणि साहेब त्यावर उभा होता, त्यामुळे आज ते नाव माणसाच्या डोक्याच्याही वर आहे. कचऱ्यावर उभं राहून आपलं नाव उंच नेण्याची युक्ती पुढे पुष्कळांनी उचलली. पण त्याच लेण्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत दुसरंही एक नाव आहे. वासिठीपुत कटहादी या माणसानं लेण्याचा हा दर्शनी भाग दान दिला, एवढीच त्यात नोंद. एकानं नाव लिहिलं कारण तो आला होता. दुसऱ्याचं लिहिलं गेलं कारण त्यानं दिलं होतं. एकाच लेण्यातल्या या दोन नोंदी. पहिल्या नोंदीला आमच्या भाषेत हजेरी म्हणतात, दुसरीला पावती.

पावतीवरून आठवलं. आमचे वडील जिनिंगमध्ये दिवाणजी होते. ते गेल्यावर त्यांचं बचत खातं रीतसर बंद झालं. रक्कम आईच्या खात्यात वळती झाली आणि जुन्या पासबुकावर ‘खाते बंद’ असा शिक्का बसला. असं पासबुक म्हणजे निव्वळ रद्दी. आईनं ते देव्हाऱ्यात अन्नपूर्णेशेजारी ठेवलं. मी तिला बँकिंगच्या भाषेत समजावलं, की या पुस्तकात आता काहीही शिल्लक नाही.

“शिल्लक नाही त नाही,” आई म्हणाली. “खर्च त लिहेल आहे ना!”

आणि चष्मा लावून तिनं मला पासबुक वाचून दाखवलं. जुलैतली ही काढलेली रक्कम म्हणजे तुझी कॉलेजची फी. ही मोठी, तुझ्या बहिणीचं लग्न. ही दवाखान्याची, माझ्या ऑपरेशनची. ही तुला बँकेच्या परीक्षेला अमरावतीला जायला. पानामागून पान, सगळी नावेची बाजू. जमेकडे पगाराचा तेवढाच ठरावीक आकडा. मी रोज शेकडो पासबुकं बघतो, पण नजर सरळ शेवटच्या ओळीतल्या शिल्लकेवर जाते. कुणाच्या पासबुकातला खर्च मी वाचला नव्हता. त्या दिवशी मला माझे वडील शिल्लकेत सापडले नाहीत, खर्चात सापडले.

आता मी हाच न्याय थिंफूला लावून बघतो. या तिसऱ्या राजानं १९५३ साली राष्ट्रीय सभा सुरू केली, देशातली दास्याची पद्धत मोडली, आणि १९७१ साली आपला देश संयुक्त राष्ट्रसंघात नेऊन बसवला. म्हणजे त्याची खर्चाची बाजू भक्कम होती. मग छोर्तेनमध्ये अस्थींची शिल्लक असली काय आणि नसली काय!

पण खरा प्रश्न यापुढेच आहे. ज्यानं आपल्यासाठी खर्च केला त्याचं देणं फेडायचं कसं? धनको तर गेला. मेलेल्या माणसाला रुपया पोचवण्याची सोय अजून कुठल्याही बँकेनं काढलेली नाही. मग प्रदक्षिणा घालून भागतं का?

हा प्रश्न मी आमच्या शाखेतल्या जुन्या शिपायाला विचारला. त्यांना सगळी शाखा मामा म्हणते. आमचं मलकापूर मोठ्या मोक्याच्या जागी आहे. इथून पूर्वेला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर नागपूर, म्हणजे दीक्षाभूमी. पश्चिमेला सुमारे पाचशे किलोमीटरवर दादर, म्हणजे चैत्यभूमी. दसऱ्याच्या सुमारास पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या भरतात आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पश्चिमेकडे जाणाऱ्या. मामा दोन्ही गाड्यांचे जुने प्रवासी. रजेचा अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच देऊन ठेवतात. एकदा मी त्यांच्याबरोबर नागपूरला गेलो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. आजचा भव्य स्तूप वास्तुशिल्पी शिवदानमल यांच्या आराखड्याप्रमाणे उभा राहिला आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. लांबून पाहताना सांचीची आठवण होते. पण सांचीचा स्तूप भरीव आहे, आत जाता येत नाही. हा आतून पोकळ. त्यात हजारो माणसं मावतात. मी घुमटाखाली मान वर करून उभा राहिलो आणि म्हटलं, “मामा, हा तर सगळा रिकामा आहे!”

मामांनी माझ्याकडे नवख्या खातेदाराकडे बघावं तसं पाहिलं. “रिकामा कुठं हाय, सायेब? जुन्या स्तूपात अस्ती राहेत अन् मानसं बाहीर राहेत. इथं मानसंच अंदर हायेत!”

यावर काही बोलायला नको होतं. पण वादविवाद हा कॉमर्सवाल्यांचा गुण नसला तरी दोष आहे. मी म्हटलं, “मामा, तुमच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे ना? मग सहा डिसेंबरला एवढ्या गर्दीत दादरला कशासाठी जाता?”

“श्राद्धात मेलेल्याले जेवू घालतेत,” मामा म्हणाले. “आमी पुस्तकं घ्याले जातो. ज्यानं शिका म्हून सांगतलं त्याच्यापुढं पुस्तक नाई न्याचं त काय भाताचा गोळा न्याचा?”

आणि खरंच, त्या मैदानाच्या आसपास जेवढी पुस्तकांची दुकानं मांडलेली होती तेवढी मी कुठल्या जत्रेत पाहिलेली नाहीत. जत्रेत आपण फुगे, पिपाण्या, बत्तासे घेतो. इथं डोक्यावर गाठोडं असलेल्या बाया पुस्तकाच्या किमतीवरून घासाघीस करत होत्या. अलीकडे काही जण हार-फुलांऐवजी एक वही आणि एक पेन वाहा असं सांगतात. लोक तसं वाहतात आणि त्या वह्या पुढे गरजू पोरांच्या हाती जातात. मामांनी तीन पुस्तकं घेतली. स्वतः ते चौथीपर्यंत शिकलेले. पुस्तकं बारावीतल्या नातीसाठी होती.

तिथं माझ्या डोक्यातला घोळ थोडा सुटला. कारण व्यवहारातला नियम अगदी साधा आहे. धनको वारला म्हणून कर्ज बुडत नाही. ते त्याच्या वारसांना फेडायचं असतं. बाबासाहेबांचं देणं पुतळ्याला पोचत नाही, मामांच्या नातीला पोचतं. आमच्या वडिलांनी काढलेली फी मला त्यांना परत देता येत नाही, पण माझा मुलगा जूनमध्ये फीचा आकडा घेऊन समोर उभा राहतो, तेव्हा तो वारसदाखला घेऊनच आलेला असतो. (आकडा बघून मला वडिलांची आठवण अधिकच तीव्रतेने होते.)

आणि गंमत अशी, की ज्यांची स्मारकं झाली त्यांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. तथागताच्या शरीराच्या पूजेत गुंतून पडू नका, आपलं साधायचं ते साधा, असं बुद्धांनी आनंदाला बजावलं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातली विभूतिपूजा अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. म्हणजे दोघांनीही ‘माझ्याभोवती फिरू नका’ असंच म्हटलं, आणि आपण त्यांचं म्हणणं किती पटलं हे सांगण्यासाठी त्यांच्याभोवतीच फिरू लागलो!

मग फिरणं व्यर्थ म्हणायचं का? तसंही मला म्हणवत नाही. थिंफूत एक आजीबाई होत्या. पाठीचा कणा वाकलेला, तोंडात दात नाहीत. एका हातात माळ, दुसऱ्या हातानं त्या चक्र फिरवत होत्या. त्या चक्राच्या पोटात मंत्र लिहिलेले कागद गुंडाळलेले असतात. चक्र एकदा फिरलं की सगळे मंत्र एकदम म्हटले गेले, असा हिशेब. मला आधी आमचं नोटा मोजायचं यंत्र आठवून हसू आलं. मग लक्षात आलं, की यंत्र नोटा मोजतं, पण यंत्राला पैशाची किंमत ठाऊक नसते. आजीबाईंना ती ठाऊक असावी. चेहऱ्यावरून तरी तसं दिसत होतं. ज्या राजाच्या राज्यात त्या तरुण होत्या त्याच्या नावानं त्या फिरत होत्या. कुणी सांगावं, त्यांच्या घरातलं कुणी दास्यातून सुटलेलंही असेल. पासबुकातल्या कुठल्या ओळीवर त्यांचं बोट होतं, हे बाहेरच्याला कसं कळणार?

प्रदक्षिणेत दोष एकच. माणूस जिथून निघतो तिथंच परत येतो. तेव्हा प्रदक्षिणा खरी की खोटी हे देवळात कळत नाही, ते तिथून घराकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर कळतं. पिशवीत पुस्तकं असली, घरी नात वाट बघत असली, तर ती खरी. नुसतेच पाय दुखत असले तर तो व्यायाम. व्यायामही वाईट नाही, डॉक्टरांनी मला सांगितलेलाच आहे.

एवढं सगळं जमाखर्चात बसवलं, तरी एक रक्कम जुळायची राहते. आपण वारसांना फेडतो ते गेलेल्या माणसाला कळतं का? वडिलांना ठाऊक आहे का, की नातवाची फी वेळेवर भरली गेली? बुद्धांनी अशा काही प्रश्नांवर मौन पाळलं, मामा हसले, आणि आई म्हणते, “त्याइले माहीत असंल.” माझ्याजवळ तिन्हींपैकी एकही सोय नाही. पण बँकेत संध्याकाळी ताळा जुळला नाही, थोड्या रकमेचा फरक राहिला, तर आम्ही रात्रभर जागत बसत नाही. तेवढी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो, दिवे मालवतो आणि घरी जातो. फरक लपवायचा नसतो आणि उगाच जुळवायचाही नसतो. हा प्रश्न मी त्या खात्यात टाकून ठेवला आहे. कधी जुळला तर कळवीन. न जुळला, तर तो माझ्या वारसांकडे जाईल.